गावठी गाडीची बातमी छापता, तिच्या मागच्या चाकांचं बी छापा

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

साहेब, भंगारातून गाडी बनवणाऱ्या पोरांच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी राजकारणाचं पान सोडून त्या पहिल्या वाचतो. पण दरवेळी एकच गोष्ट खटकते. इंजन कोणत्या मोटारसायकलचं ते लिहिता, ॲव्हरेज किती पडतं ते लिहिता, खर्च किती आला, पोराला पुढं काय व्हायचंय, सरपंचानं शाल-नारळ दिला, सगळं लिहिता. आणि मागचं चाक कशाच्या आधारावर आहे, स्प्रिंग कुठली, हेलकावे जिरवणारा शॉकअप कुठला, दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल जागेवर कशानं धरून ठेवलाय याचा एक शब्द नसतो. फोटो बी कायम समोरून. मी चष्मा लावून खालचं काय दिसतंय का बघत बसतो आणि आमच्या घरचे म्हणतात पेपर वाचायलात का चाटायलात.

माझं जालन्यात कमान-पाट्याचं छोटं दुकान आहे, म्हणजे चाकावर गाडी तोलणाऱ्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. ट्रॉल्या, टेम्पो, जुन्या जीपा, ओम्नी, असलं काम. त्यामुळं गावठी गाडी बनवणारी पोरं शेवटी माझ्यासारख्याच्याच दारात येतात, आणि शेवटी म्हणजे खरंच शेवटी, पैसे संपल्यावर. इंजन घेतलं, गिअरबॉक्स जुळवला, टायर आणले, पत्रा मारला, रंग दिला, एलईडीच्या पट्ट्या बी लावून झाल्या, आता मिस्तरी मागचं सस्पेन्शन तेवढं स्वस्तात बसवून द्या. म्हणजे मागच्या चाकाला उरलेसुरले पैसे. माझं म्हणणं एवढंच की हे उलटं पाहिजे, आधी मागचं ठरवा मग बाकीचं, आणि असं केलं तर ते काही फार महाग बी पडत नाही, पण पोरांना हे कुणी सांगत नाही कारण कुठं छापूनच येत नाही. इंजन बंद पडलं तर गाडी कडेला उभी राहते, फार तर लोकं हसतात. मागचा एक्सल सरकला तर स्टिअरिंग हातात असून बी गाडी मागून वळते.

सगळ्यात जास्त दिसतात ते मोटारसायकलचे शॉकअप. स्वस्त मिळतात, दिसायला भारी, स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, वर-खाली दोन बोल्ट मारले की काम झालं. आता तो शॉकअप वाईट असतो असं नाही, ज्या कामाला बनवला त्याला तो चांगलाच आहे. पण पोरं तो लावतात कुठं ते बघा. समजा मागच्या एका चाकावर गाडीचं दीडशे किलो वजन येतंय. शॉकअप चाकाजवळ लावायला जागा नसते म्हणून तो आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, मधोमध लावतात. मधोमध लावला की त्या शॉकअपवर दीडशे नाही, तीनशे किलो येतं. आणि स्प्रिंग हाताला जेवढी कडक लागते तेवढी ती चाकाला लागत नाही. निम्म्या अंतरावर लावली तर कडकपणा निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे एक सेंटीमीटर दाबायला ४० किलो लागणारी स्प्रिंग असेल तर चाकापाशी ती १० किलोचीच. त्यात शॉकअप ४५ अंशात तिरपा केला, रेसिंग गाडीसारखा दिसतो म्हणून, की त्या १० चे उरले ५. आता दीडशेला ५ नं भागा, ३० आले. गाडी ३० सेंटीमीटर खाली बसायला बघणार, तेवढी जागा त्या शॉकअपात येणार कुठून, तो तळाला जाऊन टेकतो, मग गाडीला स्प्रिंग आहे असं म्हणण्यात काही अर्थच राहिला नाही, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ एक्सलवर. मग पोरं खालची रिंग फिरवून स्प्रिंग आवळतात. त्यानं गाडी वर उचलल्यासारखी दिसते पण स्प्रिंग कडक होत नाही, ती होती तेवढीच राहते, फक्त आधीच थोडी दाबून ठेवलेली. हे समजावून सांगताना माझा अर्धा दिवस जातो आणि पोरगं म्हणतं व्हिडिओत तर तसंच केलं होतं.

गंमत बघा, देशभरातल्या मोटारसायकल कंपन्यांना शॉकअप पुरवणारी एन्ड्युरन्स कंपनी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. बजाजचा कारखाना बी वाळूजला १९८५ पासून. आणि तिथून दोन तासाच्या वाटेवर आपलीच पोरं शॉकअप अंदाजपंचे लावायलेत. ह्यात पोरांचा दोष मी कमी धरतो. त्यातल्या काहींचे भाऊ-चुलते तिथं लाईनवर कामाला असतील, पण लाईनवरच्या माणसाला शॉकअप जोडायला शिकवतात, तो कुठल्या वजनाला का लागतो हे त्याच्यापर्यंत येत नाही.

दुसरा प्रकार, कॉईल स्प्रिंग भंगारातून आणायची आणि उंच वाटली तर ग्राइंडरनं कापायची. लोकांना वाटतं स्प्रिंग कापली म्हणजे नरम झाली, छोटी झाली ना. होतं उलटं. सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के जास्त कडक होते, कारण दबायला आता पाचच वेढे उरले. वर कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, एका बाजूला चढतं, खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते. आणि जे गॅस मारून, तापवून स्प्रिंग बसवतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. स्प्रिंगला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, थंड करून कडक केलेलं असतं, ते पाणी गॅसच्या ज्योतीनं एका मिनिटात उतरतं, मग ती पहिल्या महिन्यात बसत जाते नाहीतर तुटते.

तिसरा, आणि हा खास आपल्या भागातला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पाटा. पोरगं म्हणतं मिस्तरी ट्रॉलीचा पाटा ऊस ओढतो, माझी गाडी तर पाचशे किलोची, कधी तुटायचा नाही. बरोबर आहे, तुटायचा नाही, कारण तो वाकायचाच नाही. पाट्याची जाडी वाढली की कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे ६ मिलीमीटरच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा ८ चा पाटा घातला तर तो सव्वादोन पटीहून जास्त कडक. ट्रॉलीचे पाटे तर त्याहून जाड. असला पाटा हलक्या गाडीला लावला की खड्ड्यात चाक वर जात नाही, अख्खी गाडी वर जाते, आणि खाली येताना चाक रस्त्याला टेकलेलं असेलच असं नाही. वळणावर हे झालं तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

मग बसवायचं काय? माझ्या मतानं कमी पैशातला सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच गाडीचा मागचा अख्खा सेट उचलणं. एक्सल एकाचा, पाटे दुसऱ्याचे, ब्रेकचे ड्रम तिसऱ्याचे, शॉकअप चौथ्याचे असं करायचं नाही. मारुतीची व्हॅन घ्या, जी पुढं ओम्नी झाली. १९८४ ला आली, २०१९ पर्यंत बनत होती, ७९६ सीसीचं इंजन, मागून ओढणारी, मागं सरळ एक्सल आणि त्याला पाटे. आपल्याकडं गल्लोगल्ली होती, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, गॅसच्या टाक्या, सगळं तिनं वाहिलं. तिचा एक्सल, पाटे, शॅकल (पाट्याचं एक टोक हलू देणारी कडी), यू बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे), शॉकअप, ड्रम, हँडब्रेकची केबल, आणि चेसिसला जिथं पाट्याचे डोळे, म्हणजे टोकाची गोल भोकं, बसतात ते ब्रॅकेट, एवढं सगळं एकदम काढून आणलं तर निम्मा विचार सुझुकीच्या इंजिनिअरनं आधीच करून ठेवलेला असतो. बजेटवाल्याला फुकट मिळणारी इंजिनिअरिंग हीच. ब्रॅकेट कापताना आजूबाजूचा पत्रा बी थोडा ठेवून कापा आणि कापायच्या आधी सगळ्याची मापं घ्या, पुढच्या डोळ्यापासून मागच्या डोळ्यापर्यंत, दोन्ही पाट्यांमधलं अंतर, पाटा जमिनीशी किती तिरपा, शॅकल कुठल्या बाजूला किती झुकलाय. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालतंय पण फोटोत टेप धरा.

पाटा मला आवडतो याचं कारण मी पाटेवाला आहे असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. पण पाटा नुसती स्प्रिंग नसतो. तो एक्सलला पुढं-मागं जाऊ देत नाही, आडवं बी सरकू देत नाही, म्हणजे एकाच वस्तूत स्प्रिंग बी आली आणि आर्म बी आले. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्यांना शेवटपर्यंत मागं पाटाच होता. कॉईल स्प्रिंग तसं काहीच करत नाही, ती फक्त वर-खाली. म्हणून कॉईल लावली की एक्सलला पुढं-मागं धरायला दोन आर्म पाहिजेत आणि आडवं धरायला एक आडवा रॉड पाहिजे, ज्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. ईको गाडीच्या खाली वाकून बघा, मागं कॉईल आहेत आणि सरळ एक्सलला असे तीन रॉड आहेत. पोरं दोन आर्म लावतात आणि तिसरा रॉड विसरतात कारण गाडी उभी असताना तो काहीच काम करताना दिसत नाही. त्याविना मागचा भाग वळणावर आडवा हलतो. आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशांवर किती दिवस भागणार?

पाटा लावताना एक गोष्ट मात्र सोडू नका, एक टोक पक्कं आणि दुसरं टोक शॅकलवर. पाटा दबला की सरळ होतो आणि लांब होतो, त्याला लांब व्हायला जागा लागते. दोन्ही टोकं बोल्टनं पक्की केलेल्या गाड्या मी बघितल्यात, त्यात एकतर मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो नाहीतर ब्रॅकेट चेसिसमधून उपटून येतं. यू बोल्ट नवेच घ्या, ते काही महाग नसतात, आणि थोडं चालवून झालं की परत आवळा, कारण यू बोल्ट सैल पडला की सगळा भार पाट्यांना एकत्र बांधणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो बिचारा त्यासाठी नसतो. तो तुटला की एक्सल मागं सरकला.

ज्यांचं इंजन मोटारसायकलचं आणि मागं चेन, त्यांचं दुखणं वेगळं. चाक वर-खाली झालं की चेन ताणते आणि सैल पडते, म्हणून पुष्कळ पोरं वैतागून मागं सस्पेन्शनच ठेवत नाहीत, एक्सल सरळ चेसिसला बेअरिंगमध्ये बसवून टाकतात. शेतात हळू चालवायला ठीक. पण सस्पेन्शन पाहिजेच असेल तर आर्म जिथं फिरतो तो पिन पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, जेवढा जवळ घेता येईल तेवढा घ्या, मग चेनची ओढ फार बदलत नाही. नाहीतर रिक्षाचा मागचा सेट. त्यात इंजन, डिफरन्शिअल, शाफ्ट, आर्म सगळं जुळलेलं येतं, फक्त तो रिक्षाच्या वजनाचा आणि रिक्षाच्या वेगाचा आहे हे डोक्यात ठेवायचं. त्यावर जीपचा पत्रा चढवून सहा माणसं बसवायची नाहीत.

स्प्रिंग बरोबर आहे का नाही याला एक हिशोब आहे, त्याला कॉलेजात जायची गरज नाही. गाडी जॅकवर असताना चाक लोंबतंय, स्प्रिंग मोकळी. मग गाडी खाली सोडा, वजन येऊ द्या, चाक किती सेंटीमीटर वर गेलं ते मोजा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ३०० ला त्यानं भागा. जे उत्तर येईल तेवढे हेलकावे ती गाडी मिनिटाला खाते. ९ सेंटीमीटर दबली तर १००. १६ दबली तर ७५. चारच दबली तर १५०, मग मणक्याची वाट लागली समजा. घरच्या कारचा आकडा साधारण ६० ते ९० मध्ये असतो, सामान वाहणारी गाडी रिकामी असताना याच्या वर जाते. पाट्यांमध्ये घर्षण असतं, आवळून बसवलेल्या स्प्रिंगला बी हा हिशोब तंतोतंत लागत नाही, पण अंदाज येतो, आणि अंदाजपंचेपेक्षा अंदाज बरा.

आता हा आकडा आपल्या रस्त्यावर लावून बघा. परतूर, मंठा, सेलू, पाथरी, सगळी काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा डांबरी रस्ता नवा असो का जुना, त्याला लांब लांब लाटा पडतात. समजा दहा-दहा मीटरवर एक लाट आहे आणि गाडी ताशी ६० नं चाललीय. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजे मिनिटाला १०० लाटा. आणि ९ सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग मिनिटाला १०० हेलकावे खाते. दोन्ही जुळले की प्रत्येक लाटेला गाडीचा मागचा भाग आधीपेक्षा जास्त उसळतो. तिथं स्प्रिंग काही करू शकत नाही, तिथं फक्त शॉकअप वाचवतो, कारण स्प्रिंग ताकद साठवून परत देते, शॉकअप तेलात ती जिरवतो. म्हणून भंगारातला शॉकअप घ्यायचा असेल तर हातानं दाबून, ओढून बघा, ओढताना जोर लागत नसेल किंवा दांड्यावर तेल आलेलं असेल तर तो फुकट दिला तरी घेऊ नका. यू बोल्ट सोडले तर बाकी जुनं चालेल, पण शॉकअप शक्यतो नवाच घ्या. गाडी तयार झाल्यावर मागचा कोपरा जोरात दाबून सोडा, वर येऊन एकदा खाली गेली आणि थांबली तर ठीक, डोलत राहिली तर रस्त्यावर नेऊ नका.

वजन किती येतं ते अंदाजानं धरू नका. मोंढ्यात धर्मकाटा असतो. पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, मग उलटं. एकदा रिकामी, एकदा माणसं बसवून. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलो इकडंतिकडं होतात, होऊ द्या. पोरांना ह्यात एक गोष्ट कळत नाही, गाडी जेवढी हलकी तेवढं मागचं अवघड. मोठ्या गाडीत मागं दोन माणसं बसली तर तिला फारसा फरक पडत नाही. पाचशे किलोच्या गाडीत मागं दोन माणसं आणि एक पोतं टाकलं की मागच्या चाकावरचं वजन जवळजवळ दुप्पट. एकाच स्प्रिंगला रिकामं बी सांभाळायचं आणि भरलेलं बी. म्हणून चाकाला वर जायला भरपूर जागा ठेवा आणि शेवटी रबरी ठोकळा लावा, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटणार नाही.

वेल्डिंगबद्दल जास्त लिहित नाही, ते लिहिण्यापेक्षा दाखवायचं काम आहे. पण दोन-तीन गोष्टी. पाट्याला वेल्डिंग करायचं नाही, कधीच नाही, तुटलेला जोडायचा बी नाही. पाट्याच्या लोखंडात कार्बन जास्त असतो, वेल्डिंगच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि बरोबर तिथूनच तडा जातो. आर्म बनवायला बोअरचा जुना जीआय पाईप वापरतात, आपल्याकडं तो प्रत्येक शेतात पडलेला असतो, पण त्यावर जस्त असतं, वेल्डिंगमध्ये भोकं पडतात आणि त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. काळा सीमलेस पाईप घ्या. वेल्डिंगचा रॉड ७०१८ चा वापरणार असाल तर तो कोरडा पाहिजे, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड घेऊन मारलं तर त्या रॉडचा उपयोग काय. ब्रॅकेटला कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्या. आणि बुश आत असताना वेल्डिंग करू नका राव, रबर जळतं, वास सगळ्या गल्लीला येतो आणि बनवणाऱ्याला येत नाही.

बुशावरून आठवलं, हे चांगले चांगले मेकॅनिक बी करतात. गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, आणि तिथंच आर्मचे नाहीतर पाट्याचे बोल्ट फुल टाईट करून टाकतात. मग गाडी खाली आली की बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते लावून ठेवा, गाडी चाकावर उभी करा, थोडी हलवा, मग आवळा.

चाकं सरळ आहेत का ते बघायला अलाईनमेंटच्या मशीनची गरज नाही, दोरी लागते. दोन्ही बाजूला पुढून मागपर्यंत दोरी ताणा, दोन्ही दोऱ्या एकमेकीला समांतर करा आणि मागच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. मागची चाकं पुढच्या बाजूला बाहेर उघडलेली नकोत, थोडी आत असली तर चालतील. सरळ एक्सल असेल तर डाव्या-उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर सारखं आलं पाहिजे, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं माप बी सारखं. दोरी दहा रुपयाची. हे पोरं करत नाहीत कारण ह्याचा रील बनत नाही.

ब्रेकचं विसरू नका. मागचं चाक जेवढं लोंबू शकतं तेवढं लोंबवून बघा, ब्रेकचा रबरी होज ताणतोय का, हँडब्रेकची केबल ओढली जातेय का. काही गाड्यांत मागच्या ब्रेकच्या लाईनला एक व्हॉल्व्ह असतो, तो एक्सल आणि बॉडीमधलं अंतर बघून ठरवतो की गाडी भरलेली आहे का रिकामी, आणि त्या हिशोबानं मागं ब्रेकचं प्रेशर सोडतो. तुम्ही मागून गाडी उंच केली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, भरलेली असली तरी. मागचे ब्रेक कमी लागतात आणि मालक म्हणतो ब्रेकचे लायनर खराब निघाले.

आता कायद्याचं, कारण बातमीत ते बी नसतं. रस्त्यावरच्या पासिंग झालेल्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुना पाटा काढून तसलाच नवा पाटा घालणं ही दुरुस्ती झाली, ते वेगळं. पण पाटा काढून कॉईल, मागचा भाग वर उचलणं, हे बदल झाले. आणि संपूर्ण घरी बनवलेल्या गाडीला तर नंबरच मिळत नाही, कारण नवीन गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, आपल्या शेजारच्या नगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून पास व्हावा लागतो आणि तो खर्च कंपन्यांचा खेळ आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, साठ हजारात बनवलेली, किक मारून चालू होणारी छोटी जीप. आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ टाकला, कौतुक केलं, आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नाही म्हणून आज ना उद्या ही गाडी अडवली जाईल, बदल्यात मी बोलेरो देतो. दिली बी, जानेवारीत. चांगली गोष्ट झाली. पण प्रत्येक गावठी गाडीच्या बदल्यात बोलेरो कोण देणार?

ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी असली तरी ती सरकारी तपासणीला नेता येते, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे सगळं बघतात, पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडं ते लगेच होणार नाही हे मला बी कळतं, उद्या कुणीबी काहीबी घेऊन आरटीओत उभं राहील. पण कॉलेजच्या पोरांना आपण हे करू देतोच की. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून बाहा नावाची स्पर्धा होते, इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बनवलेल्या गाड्या नेतात, तिथं आधी तपासणी होते, ब्रेक टेस्ट होते, त्यात पास झाल्याशिवाय गाडी मैदानात सोडत नाहीत. कॉलेजात नसलेल्या पोराला मात्र अशी जागा कुठंच नाही. त्याची गाडी पहिल्यांदा तपासली जाते ती रस्त्यावर.

म्हणून माझी विनंती तुम्हाला बी आहे आणि तुमच्या पेपरातून कॉलेजवाल्यांना बी. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे, नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी १९८१ पासून, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात पॉलिटेक्निक, आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड. ह्यांच्याकडं स्प्रिंग दाबून मोजायचं मशीन असतं, वेल्डिंग तपासायची सोय असते, आणि शिकवणारे मास्तर असतात. वर्षातून दोन-तीन दिवस वर्कशॉपचं दार बाहेरच्यांना उघडावं. ज्यानं गाडी बनवलीय त्यानं ती टेम्पोत घालून आणावी, मास्तरनं खाली वाकून बघावं, स्प्रिंग मोजून द्यावी, वेल्डिंग कुठं कच्चं आहे तिथं खडूनं फुली मारावी. सर्टिफिकेट नको, नंबर नको, रस्त्यावर चालवायची परवानगी बी नको. कॉलेजच्या पोरांना बी पुस्तकातला सस्पेन्शनचा धडा खऱ्या गाडीवर दिसंल, आणि खरं सांगू का, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी अजून यू बोल्ट हातात धरलेला नसतो.

आणि तुमच्या वार्ताहराला एवढं सांगा, पुढच्या वेळी असल्या पोराकडं गेला की गाडीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसून एक फोटो काढ. मागची स्प्रिंग कुठल्या गाडीची, शॉकअप नवा का जुना, एक्सल आडवा कशानं धरलाय, मागच्या चाकावर किती किलो येतात, एवढे चार प्रश्न विचार. पोराला उत्तरं आली नाहीत तर ते बी छापा, पण नाव न घेता, कारण पैसे त्यानं स्वतःचे घातलेले असतात. तो फोटो छापला तर आमच्यासारखे जिल्ह्यातले पाच-पन्नास पाटेवाले, वेल्डिंगवाले तो बघतील आणि कुणी ना कुणी त्या पोराला फोन करून सांगंलच काय बदलायचं ते. माझ्या दुकानात कुणी आलं तर बघायचे पैसे मी घेत नाही, फक्त रंग मारायच्या आधी या, रंगाखालचं वेल्डिंग दिसत नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक कमान-पाटेवाला, जालना